घाईचा बर्फ

भिंत घातली आणि वेग वाढायचा थांबला. एवढ्याशा गोष्टीसाठी प्रयोगशाळेत केक कापला गेला. साहेबांनी स्वतः सुरी धरली. ज्यांनी वर्षभरात त्या यंत्राच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं, तेही कागदी बशी पुढे करून उभे होते आणि "आम्ही म्हणतच होतो" असं एकमेकांना सांगत होते. तोंडात केक असला की खोटं बोलणं सोपं जातं.

ज्या बाईच्या कामाचा तो केक होता तिला सगळे बर्फवाली म्हणायचे. हे नाव वर्कशॉपमधल्या फिटरने ठेवलं होतं आणि ते तिला चिकटलं, कारण ती खरंच बर्फच करायची, हेलियमचा. फुग्यात भरतात तोच हा हेलियम. भारी हट्टी वायू. कितीही थंड करा, द्रव होऊन बसतो, गोठायचं नाव घेत नाही. त्याला थंडही करावं लागतं आणि वरून दाबावंही लागतं, मोटारीच्या टायरात असतो त्याच्या दहापट दाबाने. तेव्हा कुठे तो बर्फ व्हायला तयार होतो. आणि झाल्यावरसुद्धा त्याच्यावर जगभरातल्या शहाण्यांचा संशय होता, की हा पुरता गोठतच नाही. वरून दगड, पण त्याचा थोडा भाग आतल्या आत कुठेही न घासता वाहत असतो. घट्ट आणि तरी वाहता. याला सुपरसॉलिड म्हणतात. ते असतं की नसतं यावरून चांगली शिकलेली माणसं एकमेकांचं तोंड बघेनाशी झाली होती.

बर्फवालीचा प्रयोग सांगायला सोपा होता, करायला जीवघेणा. मुठीत मावेल अशी तांब्याची डबी. तिच्या आत अंगठीसारखी गोल पोकळी. ही डबी एका बारीक दांडीवर टांगायची आणि डावीकडे-उजवीकडे पिळत ठेवायची. डबी जड असेल तर हेलकावा सावकाश, हलकी असेल तर झटपट. पोकळीत हेलियम गोठवायचा आणि क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे थरांवर थर असलेल्या एका अवाढव्य थर्मासमध्ये, थंडीच्या अगदी तळाशी न्यायचा. तिथे एका ठिकाणी डबी अचानक वेगाने हेलकावू लागायची, जणू तिचं वजनच कमी झालं. हेलियम तर गेला कुठेच नाही. मग एकच अर्थ: थोड्या बर्फाने डबीचा हात सोडला. डबी हलते, तो जागच्या जागी.

खात्री करायची तर पोकळीत आडवी भिंत घालायची. वाट अडली की बर्फाला डबीबरोबर फरफटत जावंच लागणार, आणि वेग वाढायचा थांबणार. बर्फवालीने तांब्याच्या पातळ पत्र्याची भिंत डाक देऊन, म्हणजे कथील वितळवून सांधून, बसवली. डबी थंड केली. वेग वाढला नाही.

म्हणून केक.

पुढच्या आठवड्यात साहेब हे जगाला सांगणार होते. हॉल ठरला होता, वर्तमानपत्रवाले येणार होते. त्यानंतर बर्फवालीला कायमची जागा आणि स्वतःची प्रयोगशाळा. साहेबांनी तसं तोंडाने सांगितलं होतं, आणि तेही चारचौघांत. ती चाळिशी उलटलेली बाई दर वर्षी मुदतवाढीसाठी त्यांच्या दारात उभी राहत होती. दारात उभं राहून राहून माणसाची पाठ वाकते. तिची वाकली नव्हती, पण दुखत होती.

केक संपत आला तेव्हा खवट खाली आले. खवट म्हणजे वरच्या मजल्यावरचे म्हातारे संशोधक. कोणाच्याही भाषणाच्या शेवटी एक प्रश्न विचारून त्यावर पाणी फिरवायचं, ही त्यांची ख्याती. त्यांना आत येताना पाहून दोघेजण बशी घेऊन बाहेर सटकले.

"सर, केक घ्या," बर्फवाली म्हणाली.

"केक नको. माझा लीक डिटेक्टर दे. घेऊन जाताना दोन दिवसांत देते म्हणालीस, आता त्याला तुझ्या खोलीची सवय झाली असेल."

ती यंत्र आणायला वळली, तेवढ्यात खवट भिंतीवर लावलेल्या आलेखांसमोर उभे राहिले. हात पाठीमागे, मान पुढे.

"हा उघड्या डबीचा?"

"हो."

"आणि हा भिंत घातल्यावरचा?"

"हो सर. सपाट आहे, बघा ना. एकदम सपाट."

"सपाट तर आहे. भिंत घातल्यावर बर्फ किती वेळात केलास?"

"म्हणजे?"

"म्हणजे किती वेळात. अवघड काय विचारलं?"

"सावकाश केला. भिंत नाजूक आहे हो. एकदम दाब चढवला असता तर डाक सुटला असता. दोन दिवस हळूहळू थंड करत, जपून जपून..."

"आणि उघड्या डबीत?"

बर्फवालीच्या हातातला लीक डिटेक्टर काही हलका नव्हता. तो तिने टेबलावर ठेवला.

"सकाळी भरला," ती म्हणाली. "दुपारपर्यंत झाला."

"असं," खवट म्हणाले. यंत्र उचलून काखोटीला मारलं आणि जिना चढून गेले. केककडे बघितलंसुद्धा नाही.

ती आलेखांकडे वळली. तिने दोन डब्यांची तुलना केली होती: एक बिनभिंतीची, एक भिंतीची. पण त्यांच्यात फरक एकट्या भिंतीचा नव्हता. एक बर्फ घाईचा होता, एक निगुतीचा. घाईने केलेल्या बर्फात आत भेगा, वाकडे थर, अणूंच्या चुकलेल्या ओळी. सावकाश केलेला सरळ, जवळजवळ निर्दोष. आता वेग थांबला तो भिंतीने की त्या निगुतीने? कोणाला ठाऊक! तिला तरी नाही. असंही असू शकतं की बर्फ वाहत नाहीच. घाईच्या बर्फातल्या त्या वेड्यावाकड्या ओळी खूप थंडीत आखडतात, बर्फ ताठ होतो, त्याच्याबरोबर डबी ताठ होते, आणि ताठ डबी भराभर हेलकावते. हलकी म्हणून नव्हे, ताठ म्हणून! मग भिंत असो नाहीतर नसो.

निष्काळजीपणाने चुका करणारे ढीगभर भेटतात. ही चूक अति काळजीने झाली होती. भिंतीला जपायला गेली आणि तुलनाच मोडून बसली.

पहिला राग आला तो खवटांचाच. म्हाताऱ्याला दुसऱ्याचं बरं बघवतच नाही, वर बसून सगळ्यांना पाण्यात बघतो, असं ती जिन्याकडे बघत पुटपुटली. मग कपाळावर हात मारला, कारण पुटपुटताना तिच्या डोक्यात पुढचा प्रयोग तयार झाला होता. भिंतीची डबी अजून क्रायोस्टॅटच्या आतच टांगलेली होती. बर्फ वितळवायचा आणि पुन्हा करायचा, या वेळी घाईने. वेग वाढला नाही, तर भिंत खरी आणि केकही खरा. वाढला, तर सगळं मातीत.

अडचण एकच. डबी थंड ठेवायला द्रव हेलियम लागतो, आणि तो सगळ्यांना पाळीपाळीने मिळायचा. तिची पाळी संपली होती. या आठवड्याची पाळी खवटांची.

दुसऱ्या दिवशी ती वर गेली. खवट खुर्चीत बसून पंपाचा पट्टा बदलत होते.

"सर, या आठवड्याचा हेलियम..."

"माझा आहे."

"हो. तोच हवाय."

खवटांनी पट्टा खाली ठेवला. "काल मनातल्या मनात मला काय काय म्हणालीस?"

"बरंच."

"उदाहरणार्थ?"

"ते तोंडावर सांगण्यासारखं नाही, सर."

म्हातारा हसला. दात पिवळे, हसू मात्र स्वच्छ. "माझा नमुना महिना झाला तयार करतोय. हेलियम दिला तर तो बसून बसून खराब होणार. पुन्हा पहिल्यापासून करावा लागणार."

"माहीत आहे. म्हणून तर मागायला लाज वाटतेय."

"मग लाजत उभी काय राहिलीस? टाकी घेऊन जा. आणि ऐक, उपकार-बिपकार काही नाही. तुझा तो सपाट आलेख जन्मभर भिंतीवर बघायचा, तर तो खरा तरी असू दे. मला डोकेदुखी नको."

गोड बोलणाऱ्या सगळ्या गोतावळ्याने मिळून तिला केक दिला होता. या खवट माणसाने आपला महिना दिला.

तिने घाईने बर्फ केला. दाब भसकन चढवला, जसा उघड्या डबीत चढवला होता अगदी तसाच, आणि भिंतीचं काय व्हायचं ते होवो म्हणत दात आवळून बसली. मग तापमान खाली, आणखी खाली. पडद्यावर ठिपके एका ओळीत येत राहिले, सरळ, सरळ, आणि मग त्यांनी मान टाकली. हेलकाव्याचा वेळ घटत होता. डबी वेगात आली होती. भिंतीसकट.

तिने आकडे वहीत उतरवले. रडली नाही. पाणी प्यायली, आणि साहेबांना सांगायला गेली.

साहेबांनी ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी ढग आला, मग ऊन.

"अहो मॅडम, भिंत फुटली असेल!"

"असू शकेल."

"असू शकेल काय, असणारच. तुम्हीच म्हणालात ना, डाक नाजूक. तुम्ही भसकन दाब दिलात. भिंत फुटली, बर्फाला वाट मिळाली, वेग वाढला. उलट हा तर आपल्या बाजूचा पुरावा झाला!"

गंमत अशी की हे बोलणं मूर्खपणाचं नव्हतं. खरंच तसं झालेलं असू शकत होतं. तिच्याही छातीत काहीतरी टुणकन उडालं.

"मग डबी कापून बघते," ती म्हणाली. "भिंत फुटलेली दिसली की प्रश्न मिटला."

साहेब पुढे झुकले, आवाज मऊ केला. "कशाला कापता? एकदा कापली की संपली. असू द्या तशीच. आपण फुटली असं धरून चालू. जाहीर होऊ द्या, तुमची जागा पक्की होऊ द्या, नंतर आहेच सावकाशीने बघायला."

ही माणसं गुन्हेगार नसतात, हेच तर दुखणं आहे. ती खोटं बोल असं कधीच म्हणत नाहीत. ती फक्त म्हणतात, बघू नको. आणि अशा न बघितलेल्या डब्यांवर मोठमोठ्या खुर्च्या उभ्या असतात.

घरी आई वाटाणे सोलत बसली होती. जन्मभर रुग्णालयात परिचारिका म्हणून राबलेली बाई, आता लेकीकडे राहायची आणि लेकीवर वॉर्डातल्यासारखी नजर ठेवायची.

"तोंड का एवढंसं झालंय?"

बर्फवालीने सगळं सांगितलं. डबी, भिंत, घाई, साहेब. आईला हेलियममधलं काही कळत नव्हतं, पण साहेब लोक तिला चांगले कळत होते.

"कापू नकोस," आई म्हणाली.

"आई!"

"काय आई? दर वर्षी तुझं ते मुदतवाढीचं येईपर्यंत तू जेवत नाहीस नीट. मी बघते ना. साहेब स्वतः म्हणतोय ना नको म्हणून? मग त्याच्या गळ्यात टाक आणि मोकळी हो."

"आणि भिंत धड असली तर?"

"तर असू दे धड. कोणाचा जीव जातोय?"

बर्फवालीने वाटाण्याची एक शेंग उचलली, उघडली, आत कीड निघाली. तिने ती बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली.

"तुझ्याकडे कधी चुकीचा अहवाल आला होता का गं?" तिने विचारलं. "रुग्णाचा. बरा आहे म्हणून."

"आला होता की. कितीदा."

"मग तू काय करायचीस?"

आईने ताट मांडीवरून खाली ठेवलं. "फालतू वकिली करू नकोस माझ्याशी. ती जिवंत माणसं होती. हा बर्फ आहे." मग तिच्याकडे न बघता, "तू कापणारच आहेस. मला विचारायचं नाटक कशाला करतेस? हात स्वच्छ धू आणि वाटाणे सोल."

सकाळी ती डबी रुमालात गुंडाळून वर्कशॉपमध्ये गेली. फिटरने ती लेथवर चढवली, चिमटा आवळला आणि थांबला.

"बर्फवाले, एकदा पातं लागलं की परत जोडता यायची नाही हं."

"लाव."

"साहेबांचा फोन आला होता मला. म्हणाले, मॅडम काही घेऊन आल्या तर आधी मला सांग."

"मग सांग ना."

"सांगतो की. लेथ चालू असताना फोन घेऊ नये असा आमचा नियम आहे. काम झालं की सांगतो." आणि त्याने बटण दाबलं.

तांब्याचा तलम कीस वळवळत खाली पडू लागला. झाकण सुटलं. बर्फवालीने डबी भिंगाखाली धरली. भिंत होती तिथेच होती. कडेचा डाक सलग, चकचकीत, कुठे केसाएवढीही फट नाही. तरी तिने डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. भिंतीच्या एका बाजूला रंगीत पाणी सोडलं, दुसऱ्या बाजूला कोरडा कागद ठेवला आणि वाट बघितली. फिटरही कामं सोडून शेजारी वाकून बघत होता. कागद कोरडा राहिला.

"चांगला डाक दिलाय कोणी," फिटर म्हणाला.

"मीच दिला."

"मग तोंड का पाडलंय? अशी भिंत आमच्यातल्या कोणाला जमली नसती."

तिला हसू फुटलं, आणि त्या हसण्याबरोबर डोळे भरून आले. भिंत पक्की होती, म्हणून तिचं सुपरसॉलिड गेलं. जरा वाईट कारागीर असती तर आज कायमची जागा मिळाली असती.

साहेबांच्या टेबलावर तिने डबीचे दोन्ही तुकडे ठेवले आणि जे झालं ते सांगितलं. साहेबांनी तुकड्यांना हात लावला नाही. तुम्हाला स्वतःचं भलं कळत नाही, म्हणाले. संस्थेच्या तोंडाला काळं लागलं असतं, म्हणाले. कधी लागलं असतं, आता की नंतर, ते काही बोलले नाहीत. हॉल रद्द झाला. कायमच्या जागेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. तिला मुदतवाढ मिळाली, नेहमीसारखी, एका वर्षाची, आणि तीही साहेबांनी अशा हाताने सही करून दिली की जणू रस्त्यावर कोणाला काही टाकतायत.

तिने लेख लिहिला तो उलटा: या डबीतला बर्फ वाहत नव्हता, ताठ होत होता. त्यात घाईचा बर्फ आणि निगुतीचा बर्फ शेजारी शेजारी मांडले, आपली चूक कुठे झाली तेही, अगदी पहिल्याच पानावर. आभारांच्या जागी खवटांचं नाव लिहिलं आणि कागद घेऊन वर गेली.

खवट जमिनीवर गुडघे टेकून बसले होते. त्यांचा नमुना खराब झाला होता, ठरल्याप्रमाणे, आणि ते सगळं खोलून नव्याने बसवत होते. या वयात. कण्हत.

"हे काय आणलंस?"

"वाचा."

त्यांनी शेवटून वाचायला सुरुवात केली. "माझं नाव काढ."

"नाही काढणार."

"मी काय केलं? किती वेळात केलास, एवढं विचारलं. ते तर कोणीही विचारेल."

"खोली भरून माणसं होती, सर. कोणीही नाही विचारलं. सगळे केक खात होते."

खवटांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"तुम्ही विचारलं नसतं तर आणखी कोणीतरी विचारलं असतंच," ती म्हणाली. तिला हे सगळं एका दमात सांगून टाकायचं होतं, कारण मध्ये थांबली तर आवाज दगा देईल अशी भीती होती. "कुठल्या तरी दूरच्या प्रयोगशाळेत, काही वर्षांनी. तोवर मी माझ्या नावाच्या पाटीमागे बसले असते, चार पोरांचे प्रबंध त्या भिंतीवर उभे असते, आणि मला ते पाडू द्यायचं धाडस झालं नसतं. मी साहेब झाले असते, सर. माझी चूक माझ्या हाताने कापायला मिळाली. हे किती जणांच्या नशिबात येतं? मी उपकार मानायला आलेय आणि तुम्ही मुकाट्याने मानून घ्या. नाही म्हणालात तर इथेच रडेन."

"नको, नको, रडू नकोस बाई," खवट घाबरून म्हणाले. "आत आर्द्रता गेली तर पुन्हा खोलायला लागेल."

मग दोघेही हसले. म्हातारा हसता हसता खोकू लागला, तिने त्यांना पाण्याची बाटली दिली.

"माझी पुढची हेलियमची पाळी तुमची," ती म्हणाली. "नाही म्हणायचं नाही. खाली सांगून आलेय."

"आणि तू काय करणार तोवर?"

"ताठ होतो म्हणजे नक्की कशाने, ते शोधायचंय. त्याला नवी डबी लागेल. फिटर करतोय." ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, बाह्या वर सारल्या. "तोवर मोकळीच आहे. द्या तो पाना."

खवटांनी पाना दिला. झाकणाचे बोल्ट गोलात होते. तिने एक थोडासा आवळला, मग समोरचा, मग पुन्हा अलीकडचा, कुठेही जास्त जोर न देता.

"सावकाश," खवट म्हणाले.

"करतेय ना सावकाश."

"करतेयस," ते म्हणाले आणि दुसरा पाना घेऊन पलीकडच्या बाजूने आवळू लागले.